हे गॉसिपवाले आत कसे जात नाहीत?

बाल्कांवकर · सोमवार, रात्री ९.१०

कांदोळीला आमच्या घरामागच्या तीन खोल्या आम्ही पर्यटकांना देतो. इंग्लंडहून चार्टर विमानाने येणारी म्हातारी जोडपी हे आमचे जुने गिऱ्हाईक. जाताना ती हमखास तीन गोष्टी टाकून जातात: अर्धी संपलेली क्रीमची बाटली, एका पायाची चप्पल आणि रंगीत साप्ताहिकांचा गठ्ठा. बाटली-चप्पल कचऱ्यात जाते, गठ्ठा आई ठेवून घेते. गुळगुळीत कागद, फडताळात अंथरायला बरा पडतो.

सीझन संपला म्हणून काल फडताळ झाडायला काढले. एकाच साप्ताहिकाचे चार अंक हाती लागले. नोव्हेंबरात हॉलिवूडच्या एका नटीला जुळे होणार. डिसेंबरात तिचा नवरा घर सोडून गेला. जानेवारीत तिला पुन्हा दिवस गेले, 'अखेर आई होणार!' मार्चमध्ये ती भलत्याच गृहस्थाशी गुपचूप लग्न करते आहे. आई इंग्रजी वाचत नाही, फोटो बघते. दोन अंकांवर पोटाभोवती काढलेले पिवळे वर्तुळ दाखवून तिने विचारले, "हिका कितलीं भुरगीं मरे?" (हिला मुले किती रे?)

माझ्या माहितीप्रमाणे एकही नाही.

तर प्रश्न असा. हे उघड उघड खोटे आहे, दर आठवड्याला छापतात, फोटोसकट छापतात. जिच्याबद्दल छापतात तिच्याकडे पैशाला तोटा नाही, वकिलांची फौज आहे. आपल्याकडे फोंड्याला कोणाच्या मुलीबद्दल असे छापले तर संध्याकाळपर्यंत छापखान्यासमोर पन्नास माणसे जमतील. मग हे लोक वर्षानुवर्षे कसे तगतात? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

सुंगटप्रेमी · ९.२२

खुर्ची टाकून बसलो आहे. काजूही भाजून घेतले.

कोकमआगळ · ९.३१

सोपे आहे. प्रश्नचिन्ह. मथळा नीट बघा, 'जुळे होणार?' असा असेल. विधान केले तर सिद्ध करावे लागते, प्रश्न विचारायला कोणाच्या बापाचे काय जाते! आमच्या वाड्यावरच्या बायका हेच करतात. "अमक्याचा पोरगा परवा कळंगुटला कोणाबरोबर होता गे?" फक्त विचारले हो. आरोप कुठे केला?

डिचोलीचा_बाबू · ९.४०

कोकमआगळ +१.

शिवाय 'जिवलग मैत्रिणीने सांगितले', 'निकटवर्तीयांच्या म्हणण्यानुसार'. ही मैत्रीण दर आठवड्याला बोलते आणि तिला नाव नसते. आपल्याला तर एवढेही करायला नको, भाषेतच सोय आहे. मराठीत 'म्हणे', कोकणीत 'खंय'. "ताणें घर विकलें खंय." मी कुठे बघायला गेलो होतो? मी नुसते खंय म्हटले.

पोदेर · ९.४४

'खंय' हा गोव्याचा सर्वात जुना वकील आहे. फी घेत नाही.

वकीलबाब · १०.१५

हा फुकटचा वकील कोर्टात उभा राहिला की पहिल्याच तारखेला पडतो. तीस वर्षे मडगावला काळा कोट घालतो आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दुसऱ्याने सांगितलेले मी फक्त पुढे सांगितले, हा बचाव चालत नाही. ऐकीव बदनामी छापणारा ती स्वतः केल्यासारखाच जबाबदार धरला जातो. प्रश्नचिन्हाचेही तसेच. आपल्या जुन्या भारतीय दंड संहितेचे कलम ४९९ (१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे ३५६) बघा. त्याखाली स्पष्टीकरणे आहेत. त्यात साफ म्हटले आहे की 'हे किंवा ते' अशा पर्यायी रूपात किंवा उपरोधाने केलेला आरोपही बदनामी ठरू शकतो. दीडशे वर्षांपूर्वी कायदा लिहिणाऱ्यालाही टोमणा काय असतो ते ठाऊक होते. कोर्ट एवढेच बघते की साध्या वाचकाने ते वाचून काय अर्थ घेतला असता. विरामचिन्हाला कोणी विचारत नाही.

पण बाल्कांवकरांच्या प्रश्नाचे खरे उत्तर दुसरीकडे आहे. खोटे वेगळे आणि बदनामी वेगळी. खोटे छापले म्हणून कायदा अंगावर येत नाही. चारचौघांत त्या माणसाची पत उतरली तर येतो. लग्न झालेल्या बाईला मूल होणार यात पत कुठे उतरली? खोटे आहे, चीड आणणारे आहे, पण बदनामी नाही. आता तुमच्या फडताळातले अंक पुन्हा काढा आणि मोजा. बाळ, लग्न, वजन, 'एकाकीपणा', 'काळीज तुटले'. चोरी, लाच, गुन्हा, रोग असले शब्द किती? बहुधा एकही नाही. हा योगायोग नव्हे. मोठ्या प्रकाशनांत छपाईच्या आधी मजकूर वकिलाच्या टेबलावरून जातो आणि तो तासाला पैसे घेऊन हेच काम करतो. 'व्यसन' काढा, 'थकवा' घाला. 'भांडण' काढा, 'तणाव' घाला.

शेवंती · १०.३३

वकीलबाब, लग्न झालेल्या बाईचे ठीक. न झालेल्या बाईबद्दल 'दिवस गेले' छापले तर? हॉलिवूडमध्ये कोणी ढुंकून बघणार नाही, पण पेडण्यात?

वकीलबाब · १०.४१

पेडण्यात बदनामी, बेव्हर्ली हिल्सला बातमी. माप त्या त्या समाजाचे. तुम्ही एल.एल.बी. केलीत का?

शेवंती · १०.४२

नाही, पेडण्यात वाढले.

स्विंडनवाला · मंगळवार, पहाटे २.०५

मी मूळचा काणकोणचा, आता नऊ वर्षे इंग्लंडात स्विंडनला. इथे अर्धा गोवा आहे हे सर्वांना माहीतच आहे. गोदामातली रात्रपाळी संपवून सुपरमार्केटात जातो तेव्हा पैसे भरायच्या रांगेत डोळ्यांसमोर हीच चवड असते. त्यामुळे या विषयात माझा बळजबरीचा अभ्यास आहे.

पहिली गोष्ट, इथला कायदा गॉसिपवाल्यांना धार्जिणा नाही. इथे छापणाऱ्यालाच सिद्ध करावे लागते की छापले ते खरे आहे. १९५९ मध्ये पियानोवादक लिबराचीने 'डेली मिरर'कडून ८,००० पौंड काढले. १९८८ मध्ये एल्टन जॉनशी तडजोड करताना 'सन'ला दहा लाख पौंड मोजावे लागले. उलटही होते. जॉनी डेप २०२० मध्ये त्याच 'सन'विरुद्ध हरला, कारण छापलेले बहुतांशी खरे आहे असे न्यायाधीशांना पटले.

पण मथळ्याबद्दलची एक केस ऐका. 'न्यूज ऑफ द वर्ल्ड'ने एका ऑस्ट्रेलियन मालिकेतल्या नट-नटीचे चेहरे नंग्या शरीरांवर चिकटवलेला फोटो छापला, वर चावट मथळा. खाली मजकुरात लिहिले की हे चित्र एका कॉम्प्युटर गेममधले आहे, बिचाऱ्यांना न विचारता कोणीतरी केले आहे, केवढा हा अन्याय! म्हणजे चित्र दाखवून गल्ला भरायचा आणि खाली अश्रू ढाळायचे. दोघे कोर्टात गेले आणि १९९५ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये (तेव्हाचे इथले सर्वात वरचे कोर्ट) हरले. निकाल असा की वाचकाने मथळा आणि मजकूर एकत्र वाचला असेच धरले पाहिजे. नुसता मथळा वाचून पान उलटणाऱ्याचा विचार कायदा करत नाही.

आता बाल्कांवकरांची आई काय करते? फोटो बघते. कायद्याच्या दृष्टीने ती अस्तित्वातच नाही!

बाल्कांवकर · सकाळी ८.१५

आईला वाचून दाखवले. ती म्हणाली, "कायद्याला सांग, भाडे मीच घेते."

वाळपई_ते_न्यूजर्सी · सकाळी ९.५०

स्विंडनवाल्याची केस आमच्याकडे नेमकी उलटी झाली आहे. अमेरिकन फुटबॉलपटू ओ. जे. सिम्पसन घटस्फोटित बायकोच्या खुनाच्या खटल्यातून सुटला त्यानंतर आठवड्याभरात 'नॅशनल एक्झॅमिनर'ने पहिल्या पानावर ठोकून दिले, 'पोलिसांना वाटते केटोनेच केले!' केटो केलिन हा सिम्पसनच्या आवारात राहणारा पाहुणा. वाचणाऱ्याला वाटणार याने खून केला. आत सतराव्या पानावर मामला एवढाच की खोटी साक्ष दिली म्हणून पोलीस आपल्याला धरतील अशी त्याला भीती आहे, असे त्याचे मित्र म्हणतात. 'केले' म्हणजे काय केले, ते कळायला सतरा पाने उलटायची. १९९८ मध्ये अपील कोर्टाने सांगितले की मथळा एकटाही बदनामीकारक असू शकतो, आतले पान इतके दूर असेल तर ते सारवासारव म्हणून चालणार नाही.

तरीही अमेरिकेत या लोकांचे फावते. १९६४ च्या न्यूयॉर्क टाइम्स विरुद्ध सुलिव्हन या निकालापासून सरकारी पदावरच्या माणसाला, आणि पुढच्या निकालांमुळे प्रसिद्ध व्यक्तींनाही, दुहेरी काम असते. खोटे आहे हे दाखवायचे आणि वर छापणाऱ्याला ते खोटे असल्याचे ठाऊक होते, किंवा खरे-खोटे करायची त्याने पर्वाच केली नाही, हेही दाखवायचे. दुसऱ्याच्या डोक्यात काय होते ते कसे दाखवणार? म्हणून 'मैत्रीण' लागते. तिचा जबाब टेपवर किंवा सही करून फायलीत ठेवला की आम्हाला खरे वाटले म्हणता येते. मैत्रिणीला पैसे दिले होते ही वेगळी गोष्ट.

जुना_उपसंपादक · सकाळी ११.२०

वाळपईकर म्हणतात त्याचा फटका एका भारतीयाला बसला होता. मोरारजी देसाई. ते अमेरिकेच्या सीआयएकडून वर्षाला २०,००० डॉलर घेत होते असा आरोप अमेरिकन पत्रकार सेमूर हर्श यांनी १९८३ मध्ये पुस्तकात केला. मोरारजींनी पाच कोटी डॉलरचा दावा लावला. प्रकरण शिकागोच्या कोर्टात गेले. अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री हेन्री किसिंजर यांनी साक्षीत आरोप फेटाळला. तरी १९८९ मध्ये ज्युरीने हर्श यांच्या बाजूने कौल दिला, कारण त्यांनी जाणूनबुजून खोटे लिहिले हे सिद्ध झाले नाही. म्हणजे आरोप खरा ठरला असे नाही. पण इकडे लोकांनी तसाच अर्थ घेतला. मोरारजी तेव्हा नव्वदी ओलांडलेले, तिकडे जाऊही शकले नाहीत.

संयुक्त महाराष्ट्राच्या आठवणींमुळे मोरारजींबद्दल आमच्या पिढीत कोणाला माया नव्हती. पण त्या दिवशी तार वाचताना वाईट वाटले.

वाळपई_ते_न्यूजर्सी · दुपारी १२.०५

काका, किसिंजरवरून आठवले. गॉसिपवाल्यांना दणका बसलेली सर्वात गाजलेली केस त्यांच्याच शेजारच्या टेबलावरची आहे. कॅरोल बर्नेट ही विनोदी नटी. १९७६ मध्ये 'नॅशनल एन्क्वायरर'ने चार ओळींचा चुटका छापला की वॉशिंग्टनच्या एका हॉटेलात तिने किसिंजरशी मोठ्या आवाजात वाद घातला, टेबलाटेबलावर जाऊन सर्वांना आपले गोड खायला घातले, वाइन सांडली. दारू प्यायली होती असा शब्द कुठेही नाही, पण वाचणाऱ्याला दुसरे काय वाटणार? खरे एवढेच होते की तिने आपली सुफ्ले शेजारच्या टेबलावर चाखायला दिली आणि किसिंजरशी दोन शब्द बोलली. तिचे आईवडील दोघेही दारूपायी गेले होते, म्हणून तिला ते जिव्हारी लागले. इतर नटांसारखी ती तडजोड करून गप्प बसली नाही. १९८१ मध्ये ज्युरीने १६ लाख डॉलर दिले.

गंमत पुढे आहे. एन्क्वायररने दुरुस्ती छापली होती. कॅलिफोर्नियात वर्तमानपत्राने दुरुस्ती छापली की भरपाईवर मर्यादा येते. कोर्ट म्हणाले, ही सवलत घाईघाईत रोजच्या बातम्या देणाऱ्या वर्तमानपत्रासाठी आहे, तुम्ही मासिकासारखे सावकाश जुळवाजुळव करून छापता, तुम्हाला नाही. अपिलात रक्कम २ लाखांवर आली, पण तोवर व्हायचा तो बोभाटा झाला होता.

सुंगटप्रेमी · १२.११

सुफ्लेच्या टेबलाजवळ किसिंजर, मोरारजींच्या कोर्टात किसिंजर. या गृहस्थांना दुसरा उद्योग नव्हता का?

पोदेर · १२.१३

होता. व्हिएतनाम.

डिचोलीचा_बाबू · १२.३०

वकीलबाब, एक राहिले. नावच घेतले नाही तर? आपल्या फिल्मी मासिकांत असायचे तसे. 'स्टारडस्ट'मधले 'नीताज नॅटर' आमच्या दादाच्या उशीखाली सापडायचे. 'एक उंच नायक आणि एक विवाहित नायिका' वगैरे. नाव नाही म्हणजे फिर्यादी नाही. फिर्याद केली तर 'तो मीच' असे कबूल करावे लागते. चोराच्या मनात चांदणे!

जुना_उपसंपादक · दुपारी ३.४०

बाबू, मी हे उद्योग केले आहेत, म्हणून सांगतो. जागा मोठी हवी. मुंबईत चालते, गोव्यात नाही.

१९८० च्या दशकातली गोष्ट. मी पणजीतल्या एका मराठी दैनिकात नोकरीला होतो. कोणत्या ते विचारू नका, त्या लोकांनी मला सांभाळून घेतले आहे. रविवारच्या पुरवणीत कोपऱ्यात एक चुटक्यांचे सदर असायचे आणि ते लिहायची पाळी आठवड्याआड माझ्यावर यायची. एकदा जागा भरेना. पानाचा माणूस खिळे हातात घेऊन दारात उभा. मी लिहून दिले, 'म्हापशाच्या बाजारपेठेतले एक प्रतिष्ठित व्यापारी देवळाच्या जीर्णोद्धाराच्या पावत्या फाडता फाडता स्वतःच्या खिशाचाही जीर्णोद्धार करीत असल्याची कुजबुज आहे.' संपादकांनी वाचले, हसले, म्हणाले, "नाव नाही ना? जाऊ दे."

सोमवारी सकाळी दहाला पहिला व्यापारी आला. जावई वकील, नोटीस टाइप करूनच आणली होती. साडेबाराला दुसरा आला, सोबत देवस्थान समितीचे तिघे. ते तिघे काही बोलले नाहीत, नुसते बसून राहिले, चहा प्यायले, गेले. तेच जास्त भीतिदायक. संध्याकाळी तिसऱ्याचा फोन आला. तो चिडला नव्हता, रडत होता. मुलीची सोयरीक ठरली होती, व्याह्यांनी अंक हातात धरून विचारले होते की हे तुम्हीच का.

मला तर या तिघांपैकी एकाचेही नाव डोक्यात नव्हते.

आता माफी कोणाची मागायची? एकाची मागितली की उरलेल्या दोघांवर शिक्का. तिघांची मागितली की म्हापशात तीन चोर. संपादक दोन दिवस डोके धरून बसले. शेवटी छापले, 'सदर मजकूर म्हापसा येथील कोणत्याही व्यापाऱ्यास उद्देशून नव्हता.' त्यावर एका वाचकाचे पत्र आले. 'मग तो कोणाला उद्देशून होता? म्हापशात व्यापारी सोडून दुसरे प्रतिष्ठित कोण आहे?'

पहिल्याची नोटीस पुढे तडजोडीने मिटली. तिसऱ्याच्या मुलीचे लग्न झाले, मी मुद्दाम गेलो होतो. जेवलो नाही.

शेवंती · ३.५८

काका, दंडवत. 'जेवलो नाही' वाचून थांबले.

वकीलबाब · ४.२०

उपसंपादककाकांनी कायद्याचा एक अख्खा धडा सांगितला. नाव घेतलेच पाहिजे असे मुळीच नाही. ओळखणाऱ्यांना ओळख पटली की पुरे. वर्णन लहान गटाला लागू पडत असेल तर गटातला प्रत्येक जण उभा राहू शकतो. 'सगळे वकील चोर' म्हणा, मी काही करू शकत नाही. 'अमुक बाजारातले तीन सोनार चोर' म्हणा, तिघेही येतील. २०११ च्या जनगणनेत आख्खा गोवा साडेचौदा लाखांच्या आसपास. आडनाव, गाव आणि कुलदेवता कळली की उरतात किती!

चुकून झालेल्या गोष्टीलाही माफी नसते, तेही सांगतो. २००८ मध्ये 'टाइम्स नाऊ'वर भविष्य निर्वाह निधी घोटाळ्याच्या बातमीत एका न्यायमूर्तींच्या जागी नामसाधर्म्यामुळे दुसऱ्याच निवृत्त न्यायमूर्तींचा, पी. बी. सावंतांचा, फोटो काही सेकंद झळकला. सावंतांनी पुण्यात दावा लावला. २०११ मध्ये कोर्टाने १०० कोटी ठरवले. अपील ऐकण्याआधी उच्च न्यायालयाने २० कोटी भरायला आणि ८० कोटींची बँक हमी द्यायला सांगितले.

कोकमआगळ · ४.३५

काही सेकंदांचे शंभर कोटी! मग आपल्याकडे सगळेच का दावे लावत नाहीत? ती नटी का लावत नाही? मूळ प्रश्न तिथेच राहिला.

वकीलबाब · सायंकाळी ५.०२

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये ही म्हण वकिलांनी केलेली नाही, पक्षकारांनी केली आहे.

दिवाणी दाव्याला आपल्याकडे मुदत एक वर्ष. एवढ्या काळात राग शांत होतो. फौजदारी केलीत तर शिक्षा जास्तीत जास्त दोन वर्षे साधी कैद किंवा दंड (नव्या कायद्यात समाजसेवाही आली), पण तारखा? फिर्यादी प्रत्येक तारखेला यायचा, आरोपीही यायचा, न्यायाधीश रजेवर. आणि फौजदारीत नुसते खरे असून भागत नाही, ते सांगणे लोकहिताचे होते हेही आरोपीला दाखवावे लागते. तिथे फिर्यादीचे सगळे आयुष्य उकरून निघते. उलटतपासणीत समोरचा वकील विचारणार, "तुमची पत गेली म्हणता, मुळात ती किती होती?" हा प्रश्न मी स्वतः विचारला आहे. माणूस पांढरा पडतो.

स्विंडनवाला · ६.१५

याचे इथले उदाहरण जेफ्री आर्चर. लेखक, माजी खासदार. १९८७ मध्ये 'डेली स्टार'विरुद्ध ५ लाख पौंड जिंकला. पुढे कोर्टात खोटे बोलल्याचे बाहेर आले, २००१ मध्ये तुरुंगात गेला, पैसेही परत करावे लागले. ज्याच्या घरात काही लपवलेले आहे तो दावा लावताना दहादा विचार करतो. साप्ताहिकवाले याच हिशेबावर जगतात. शंभर जणांबद्दल छापा, नव्याण्णव गप्प बसतात, एकाला पैसे द्या, विमा असतोच.

आणि गप्प बसणारे सगळे बिचारे नसतात हेही लिहून ठेवा. २०१९ मध्ये फुटबॉलपटू रूनीच्या बायकोला कळेना की तिच्या घरच्या गोष्टी 'सन'मध्ये कशा जातात. तिने इन्स्टाग्रामवर खोट्या बातम्या टाकल्या (घराच्या तळघरात पाणी भरले वगैरे) आणि त्या एकाच अकाउंटला दिसतील अशी सोय केली. त्या छापून आल्या! अकाउंट दुसऱ्या फुटबॉलपटूच्या बायकोचे, रिबेका व्हार्डीचे. व्हार्डीने उलट बदनामीचा दावा लावला आणि २०२२ मध्ये तो हरली. तर बाबू, तुमची ती 'जिवलग मैत्रीण' खरोखरच असते.

पोदेर · ६.२२

एका अकाउंटला दाखवून सापळा! आमच्या बाल्कांवावर (घरापुढच्या ओसरीवर) हे फार जुने आहे. आजी तीन सुनांना तीन वेगळ्या गोष्टी सांगायची आणि देवळात कोणती परत ऐकू येते ते बघायची.

डिचोलीचा_बाबू · ६.४०

अवांतर: पोर्तुगीज अमलात वर्तमानपत्राचा मजकूर आधी सेन्सॉरकडे जायचा, मग छापायचा. आमचे आजोबा म्हणायचे, त्या काळी पेपरात गॉसिप नव्हते आणि बातमीही नव्हती. सगळी खरी माहिती तावेर्नात, म्हणजे दारूच्या गुत्त्यात.

शेवंती · ७.०५

अवांतरात माझीही भर. 'टॅब्लॉइड' हा शब्दच मुळात औषधाच्या गोळीचा आहे. १८८४ मध्ये बरोज वेलकम या ब्रिटिश औषध कंपनीने दाबून केलेल्या गोळ्यांसाठी ते नाव नोंदवले. पुढे आटोपशीर, दाबून बसवलेल्या कशालाही म्हणू लागले. गिळायला सोपे ते टॅब्लॉइड.

वाळपई_ते_न्यूजर्सी · ७.३०

गिळण्यावरून आठवले. काही जण सरळ अशक्य गोष्टी छापून सुटतात. 'वीकली वर्ल्ड न्यूज'ने १९९२ मध्ये गुहेत सापडलेला अर्धा वटवाघूळ, अर्धा मुलगा पहिल्या पानावर छापला. तो दावा कुठून लावणार? वटवाघळाला कोर्टात कोण उभे करणार?

उलट टोकाला, काही जण न छापण्याचे पैसे देतात. गोष्ट विकत घ्यायची, करार करायचा आणि फायलीत पुरून टाकायची. २०१६ च्या निवडणुकीआधी एन्क्वायररच्या मालक कंपनीने ट्रम्पसंबंधी एका मॉडेलची कहाणी १,५०,००० डॉलरला घेऊन अशीच दाबली. पुढे सरकारी वकिलांपुढे कबूलही केले. झाकली मूठ दीड लाखाची!

माड्डा · रात्री ८.१०

तुम्ही सगळे या लोकांचे कौतुक करता आहात. दोष वाचणाऱ्यांचा आहे. विकत घेणे बंद करा, आपोआप बंद पडतील. आजच्या व्हॉट्सअ‍ॅपच्या काळात तर...

कोकमआगळ · ८.१४

माड्डासाहेब, परवा गटावर त्या गायकाच्या निधनाची बातमी कोणी पाठवली होती? तो काल रवींद्र भवनात गायला.

माड्डा · ८.२०

ती मला पुढून आली होती.

पोदेर · ८.२१

खंय.

वकीलबाब · ८.४५

हसा, पण गटावर पुढे ढकलणाऱ्यालाही तोच नियम. साप्ताहिकाकडे वकील असतो, विमा असतो. माड्डांकडे काय आहे?

बाल्कांवकर · ९.३०

सर्वांचे आभार. उत्तर मिळाले असे वाटते, पण पटकन सांगता येत नाही. आज पुन्हा चारही अंक वाचले. वकीलबाब बरोबर होते, बदनामी म्हणावी असा एकच शब्द सापडला आणि तोही प्रश्नचिन्हासकट. एका मुखपृष्ठावर 'ड्रग' असे मोठ्या लाल अक्षरांत. आत शोधले तर डोकेदुखीच्या गोळ्या.

स्विंडनवाला · ९.४१

हा प्रयोग धोक्याचा आहे. 'स्टार' मासिकाने २०११ मध्ये केटी होम्स या नटीबद्दल मुखपृष्ठावर व्यसन आणि ड्रग असे छापले, आत भलतेच काही होते. तिने पाच कोटी डॉलरचा दावा लावला. मासिकाने माफी छापली आणि तिच्या पसंतीच्या संस्थेला देणगी दिली. तो अंक फडताळात घालू नका, जपून ठेवा, किंमत येईल.

डिचोलीचा_बाबू · ९.५०

उपसंपादककाका, एक विचारू? राग नसावा. तुम्ही म्हणालात तिघांपैकी एकही तुमच्या डोक्यात नव्हता. मग डोक्यात कोण होता?

जुना_उपसंपादक · रात्री १०.३५

होता एक. चौथा. त्याने काहीच केले नाही. नोटीस नाही, फोन नाही. दिवाळी अंकाला मात्र त्या वर्षी पहिल्यांदाच अर्ध्या पानाची जाहिरात दिली. मजकुराचा कागद द्यायला स्वतः आला होता, माझ्याच टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "मुद्रितं नीट तपासा हं."

वकीलबाब · १०.४०

असा पक्षकार मला आयुष्यात मिळाला नाही.

बाल्कांवकर · बुधवार, सकाळी ७.५०

आईने फडताळ लावून टाकले. ड्रगवाला अंक मागितला तर म्हणाली, तो वरच्या कप्प्यात गेला, त्यावर आता लोणच्याच्या बरण्या आहेत, चतुर्थीपर्यंत हलवायच्या नाहीत.